पाणी न लागणारी बॅटरी

भाऊंनी काळ्या वायरीचा नट सैल केला, वायर बाजूला वाकवून ठेवली आणि मग लाल वायरीला हात घातला. मेटॅडोरच्या आतल्या बाकाची फळी उचललेली होती. खाली लाकडी पेटीत दोन जुन्या बॅटऱ्या बसल्या होत्या, टोकांवर हिरवट भुकटी साचलेल्या.

"कंबर सांभाळा," बाहेरून त्यांची बायको कल्पना म्हणाली.

"तू लांब राहा. साडीवर उडेल."

"उडायचं ते केव्हाच उडून झालंय."

देवासच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर भाऊंनी ही जुनी गाडी घेतली आणि बरेच महिने खपून तिचं फिरतं घर केलं. झोपण्याएवढा बाक, स्टोव्हचा कोपरा, पंखा, ट्यूबलाइट. इंजिन बंद असताना दिवा-पंखा चालावा म्हणून बाकाखाली या वेगळ्या बॅटऱ्या. कुठेही मुक्काम पडला की सकाळी उठून भाऊ आधी फळी उचलत. टोपणं उघडायची, डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आतलं ॲसिड जोखायचं. हे सगळं ते इतक्या मन लावून करत, की कल्पनाचा चहा रोज वाट पाहून गार होई. चार्जिंग सुरू झालं की त्याचा आंबूस वास तिच्या घशात बसायचा, आणि ती खोकत बाहेर जायची. मागच्या हिवाळ्यात मांडूहून परतल्यावर ती म्हणाली होती, "यापुढे तुम्ही एकटेच जात जा." ती रागावून बोलली नव्हती, म्हणूनच भाऊंना ते जास्त लागलं.

नव्या बॅटऱ्या उमाशंकरच्या दुकानातल्या होत्या. पूर्ण बंद, वर टोपणं नाहीत. आतलं ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, सांडत नाही, वास मारत नाही, असं त्यानं समजावलं होतं.

"भिया, इसमें पानी-वानी कुछ नी डालना," तो म्हणाला होता. "और वो पुराना चार्जर मत लगाना, अंदर से सूख जाएगी."

भाऊंनी जुनी पेटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून काढली, सुकू दिली, नव्या बॅटऱ्या पट्ट्यांनी आवळल्या, जुन्याच्या जागी नवा चार्जर लावला. आधी लाल वायर, शेवटी काळी. बटण दाबलं. पंखा फिरला. आता पुढे काय करायचं, या विचारात ते पान्हा हातात धरून थोडा वेळ तसेच बसले.

"मग, मांडूला जायचं?" त्यांनी विचारलं.

कल्पनानं पंख्याकडे पाहिलं, एकदा खोल श्वास घेऊन बघितला. "चला," ती म्हणाली.

मांडूच्या तलावाकाठी रात्र छान गेली. खिडक्या लावून झोपले तरी ती खोकली नाही. सकाळी भाऊ सवयीनं उठले, फळीपाशी गेले आणि थांबले. उचलून काही उपयोग नव्हता. हात मागे बांधून ते गाडीला एक फेरी मारून आले. मग कल्पनाच्या शेजारी पायरीवर येऊन बसले. चहा वाफाळत होता.

"आज गरम मिळाला," ते म्हणाले.

"रोज गरमच असतो."

समोर पाण्यात बगळे उतरत होते.

"तुला मांडू आवडतं, नाही?" भाऊ म्हणाले.

"फारसं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, दर वर्षी येतो आपण!"

"तुम्हाला आवडतं म्हणून. मला निसरपूरला जायचं असतं. राजामावशीकडे."

"मग इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस?"

"बोलायला तुम्ही बसायला तर हवं ना," ती म्हणाली आणि हसली. भाऊही हसले, पण जरा उशिरानं.

त्याच दिवशी मनावर, कुक्षी ही गावं करत ते निसरपूरला पोचले. राजाबाई म्हणजे कल्पनाची मावशी, ऐंशीच्या पुढची. तिचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. आता ती मुलाबरोबर, रघुजींबरोबर राहत होती. नर्मदेवरच्या धरणाचं पाणी कधीतरी इथवर येणार म्हणून गावाला लांब नवी जागा मिळाली होती. रघुजींनी प्लॉट घेतला होता, पण मावशी तो पाहायलाही जायला तयार नव्हती.

"जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात म्हणते," रघुजी अंगणात भाऊंना हळूच म्हणाले. "खरं म्हणजे तिला तो विषयच नको असतो. आणि तिनं पाहिल्याशिवाय मी एक वीटही रचणार नाही."

जेवणं झाली आणि वीज गेली. मावशी पदरानं वारा घेत ओसरीवर बसली होती. कल्पनानं तिला हाताला धरून गाडीत नेलं, बाकावर निजवलं आणि पंखा लावला.

"हा कशावर चालतो गं?"

"बॅटरीवर. बाकाखाली आहे, तिला पाणीबिणी काही लागत नाही."

मावशी दुपारभर शांत झोपली. जाग आली तेव्हा भाऊ दाराशी बसून संत्रं सोलत होते, शेजारी रघुजी होते. तिनं उशी नीट केली, खिडकीबाहेर पाहिलं.

"जावईबापू, तुमची ही गाडी त्या नव्या जागेपर्यंत जाते का हो?"

भाऊंनी रघुजींकडे पाहिलं. रघुजींनी जमिनीकडे.

"जाते की," भाऊ म्हणाले.

"मग न्या. मी उतरणार नाही हं. इथूनच बघेन."

भाऊंनी गाडी अगदी सावकाश नेली. कल्पना मागे मावशीचा हात धरून बसली होती. नवी जागा उघडी होती. खुणेचे दगड, मधूनच एखादं अर्धवट बांधलेलं घर. रघुजींनी आपला प्लॉट दाखवला आणि ते बाजूला उभे राहिले. मावशी खिडकीची कड धरून पाहत राहिली. पंखा फिरत होता.

"स्वयंपाकघर कुठं काढणार?" तिनं विचारलं.

भाऊ खाली उतरले, एक काटकी उचलून त्यांनी मातीत रेघ ओढली. "इथं चालेल?"

"छे! तिथं दिवसभर धूर घरात येईल," मावशी म्हणाली. "कल्पू, दार उघड. यांना काही कळत नाही."