महेंद्र र. साळवे

पाना दुसऱ्यांदा खाली आला तेव्हा महेंद्रच्या उजव्या हाताची दोन बोटं आधीच मोडली होती. तुम्ही चुकीचा माणूस धरलाय, असं तो ओरडून सांगत होता. त्याची मान टेबलावर दाबून धरणारा तगडा गडी मात्र एकच बोलत होता, जीपचं कर्ज उचलताना गोड वाटलं, आता हप्ते भर. महेंद्रने आयुष्यात जीप घेतली नव्हती. पाथर्डीच्या बाजारतळाजवळ त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरचा पंप जळाला की शेतकरी मोटार त्याच्याकडे आणून टाकत आणि तो आतले तांब्याच्या तारेचे वेढे नव्याने बसवून देई. त्या कामात सगळी मदार बोटांवर.

जाताना त्यांनी तयार मोटारी रस्त्यावर फेकल्या आणि तारेची रिळं उचलून नेली. महेंद्रची बायको सीमा आडवी आली, तर तिला असं ढकललं की उंबऱ्यावर आपटून तिचा ओठ फुटला. नगरच्या पतसंस्थेचे वसुलीवाले आहेत म्हटल्यावर शेजारचं कुणी मध्ये पडलं नाही. ‘थकबाकीदार’ हा शब्द कानावर पडताच दोघातिघांची तर नजरच बदलली. पोलीस चौकीत जमादाराने व्यवहाराची भांडणं कोर्टात मिटवा, असा सल्ला दिला.

त्या पतसंस्थेच्या पाथर्डी शाखेत महेंद्रचं बचत खातं होतं, पण कर्ज कधीच नव्हतं. हाताला प्लास्टर झाल्यावर नवराबायको नगरला मुख्य कचेरीत गेले. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि थकबाकीची फाईल ही संस्थेची खाजगी बाब असते, ती सभासदाला दाखवत नाहीत, असं सांगून शिपायाला हाक मारली. शिपाई महेंद्रचा दंड धरून ओढू लागला. सीमा केबिनच्या दारातच बसली.

“हात आमचा मोडलाय, सायेब,” ती म्हणाली. “आमच्या नावावर काय लिवलंय ते वाचल्याबिगर मी इथनं उठत न्हाई.”

बाहेर ठेवीदारांची रांग होती. लोक वळून पाहू लागले, तेव्हा मॅनेजरने फाईल काढून टेबलावर टाकली.

महेंद्र डाव्या हाताने पानं उलटू लागला. वरती नाव होतं, महेंद्र र. साळवे. पत्ता त्याचा, धंदा त्याचा, बचत खात्याचा नंबरही त्याचाच. खाली जीपचं कर्ज, थकलेले हप्ते, जामीनदार. शेवटी वसुली अधिकाऱ्याचा शेरा होता: ‘टाळाटाळ करतो. दमदाटीशिवाय देणार नाही.’ महेंद्रने तो पुन्हा वाचला. ज्या माणसाने हे लिहिलं त्याने त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

सगळ्यात तळाला मूळ अर्ज होता. त्यावरची सही त्याची नव्हती. वडिलांचं नाव रखमाजी, राहणार कोल्हार. महेंद्रचे वडील रंगनाथ. धर्मांतरानंतरच्या वर्षांत कितीतरी घरांनी पोराचं नाव महेंद्र ठेवलं होतं, आणि साळवे तर गावोगावी. सगळ्या शाखांची थकबाकी एकत्र करताना कुणीतरी दोन माणसं एक करून टाकली होती.

मॅनेजरने कागद पाहिला. चूक झालेली दिसते, म्हणाला, पण त्या माणसाला हजर केल्याशिवाय नाव काढता येणार नाही.

घरी आल्यावर महेंद्रला दुखत्या हाताने झोप लागत नव्हती, आणि डोळे मिटले की कोल्हारचा तो माणूस जीप चालवत हसताना दिसे. चारआठ दिवसांनी सीमाला काही न सांगता त्याने पिशवीत एक लोखंडी दांडा घातला आणि एसटी पकडली.

प्रवरेकाठच्या वस्तीवर घर सापडलं. दारात एक हडकुळा माणूस म्हैस धूत होता. महेंद्रने विचारलं, महेंद्र साळवे तूच का? तो हो म्हणाला आणि महेंद्रने डाव्या हाताने दांडा त्याच्या डोक्यात घातला. माणूस म्हशीच्या पायाशी पडला. महेंद्रने दुसरा वार खांद्यावर केला, तिसरा पाठीत. घरातून बाई किंचाळत धावली आणि नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. तिच्या लुगड्यावर रक्त पसरलं.

“मारू नका,” खाली पडलेला माणूस म्हणाला. “समदे पैसे भरल्यात मी. पावत्या हायेत घरात.”

तो महेंद्रला वसुलीवाला समजला होता.

महेंद्रच्या हातातला दांडा गळून पडला. बाईने पत्र्याची पेटी उघडून पावत्या आणल्या. दर महिन्याला घरी येणाऱ्या वसूलदाराच्या सहीच्या, शिक्क्याच्या, अगदी शेवटच्या हप्त्यापर्यंत सगळ्या. जीप विकून, शेळ्या विकून त्याने कर्ज फेडलं होतं. वसूलदाराने पैसा कचेरीत भरलाच नव्हता.

महेंद्रने आपलं नाव, गाव सांगितलं, मोडलेला हात पुढे केला. बोलता बोलता तो मातीत बसला आणि रडू लागला. मग उठून त्याने जखमी माणसाच्या काखेत खांदा दिला आणि त्याला डॉक्टरकडे नेलं. टाके पडले. डॉक्टरने कशाने लागलं विचारलं, तेव्हा कोल्हारचा महेंद्र म्हणाला, म्हशीने मारलं.

दुसऱ्या दिवशी दोघं नगरला गेले. मॅनेजरने पावत्या तपासल्या, वसूलदाराला बोलावणं पाठवलं. तो महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. दोघांच्याही नावापुढे ‘येणे नाही’ असं लिहून मॅनेजर फाईल मिटू लागला. पाथर्डीच्या महेंद्रने तिच्यावर प्लास्टरचा हात ठेवला. तो शेराही खोडा, म्हणाला. पैशांची चूक दुरुस्त झाली की शेऱ्याला अर्थ राहत नाही, असं मॅनेजर समजावू लागला. महेंद्रने हात उचलला नाही. शेवटी मॅनेजरने त्या दोन वाक्यांवर आडवी रेघ मारून सही केली. मोडलेल्या बोटांबद्दल आणि नेलेल्या तारेबद्दल त्याने कुणाकडे तरी चौकशी करण्याचं आश्वासन दिलं.

स्टँडवर कोल्हारची गाडी यायला वेळ होता. उन्हाने असेल, चालण्याने असेल, टाक्यांतून पुन्हा रक्त येऊ लागलं होतं. पाथर्डीच्या महेंद्रने रुमाल काढला आणि जखमेवर धरला.

“लई जोरात मारलंत तुमी,” कोल्हारचा महेंद्र म्हणाला.

“व्हय.”

दोघं बाकावर तसेच बसून राहिले. पाथर्डीची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. महेंद्रने रुमालावरचा हात काढला नाही.