दुसरी कात्री

आकाराम गेले तेव्हा ब्लूबेरीचा शेवटचा तोडा नुकताच संपला होता आणि छाटणी तोंडावर आली होती. पण त्यांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, लेक अनुजाला बजावलं, "वरीस सरल्याबिगर ह्यांच्या झाडास्नी लोखंड लावायचं न्हाय."

गारगोटीजवळच्या त्या शेतात मग कात्री फिरलीच नाही. झुडपांचं रान माजलं. यंदा फळं आली ती लगडून, पण मिरीएवढी आणि आंबट. व्यापाऱ्यानं क्रेट उघडून तसंच बंद केलं. आणखी एक वर्ष असंच गेलं तर बाग बसेल, हे अनुजाला दिसत होतं.

वर्षश्राद्ध उरकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती बागेत उतरली. जुनी राखाडी फांदी बुडातून काढायची, कोवळी तांबूस ठेवायची, आबांनीच शिकवलेलं. बापलेक ओळीच्या दोन टोकांपासून निघत आणि मध्ये भेटत.

तिनं पहिली फांदी कापली. पलीकडच्या टोकाला तसाच आवाज झाला.

ती थांबली. तोही थांबला. तिनं पुन्हा कात्री दाबली. पुन्हा तो आला, थोडा जवळून.

बांधावरून आईनं विचारलं, "दोन कात्र्या वाजत्यात की गं! कोण आलंय?"

"कोण न्हाय, आई."

धोंडुबाईंनी पलीकडच्या टोकाकडं पाहिलं. "मग चा दोघींचाच ठेवू, का तिघांचा?"

अनुजा कापत राहिली.

शेवटी मधलं एकच झुडूप उरलं. पलीकडची सगळी मोकळी झाली होती, फांद्या नीट रचलेल्या. माणूस कुठंच नव्हता. या झुडपात एक जुनी फांदी होती, अंगठ्याहून जाड. ती राहिली तर खालच्या फुटव्यांना ऊन मिळणार नव्हतं. ती गेली तर आबांना इथं काम उरणार नव्हतं.

"आबा, येवढी ऱ्हाऊ दे की," ती पुटपुटली.

फांदी पलीकडून वाकली. फुटव्यांवर पडू नये म्हणून आबा ती अशीच धरत आणि म्हणत, "हं, मार."

आज कुणी काही म्हणालं नाही. अनुजानं पाती बुडाशी लावली आणि दाबली.

फांदी तुटली, पण पडली नाही. क्षणभर तशीच अधांतरी राहिली. मग सावकाश सरकत जाऊन पलीकडच्या ढिगावर अलगद टेकली.