कावळ्यावर आळ

"पोट बिघडलं म्हणून सांगजो अन् गुमान घरी ये," तानुबाईनं लेकीला बजावलं. धामणगाव बढ्याच्या त्या घरात पाळीला नावच नव्हतं. कावळा शिवायचा, नाही तर पोट बिघडायचं. राखी बॅग उचलून तालुक्याच्या कॉलेजात गेली. आज तिचा बी.एस्सी.चा सेमिनार होता, विषय मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिड. दोन महिने घासलेला विषय पोट दुखतं म्हणून सोडायचा, तर मग शिकायचं तरी कशाला?

तिसऱ्या स्लाइडला कळ आली. तिनं टेबल धरलं. पुढच्या बाकावरून रमाकांत सर म्हणाले, "पोट बिघडलं का? बस तू. उरलेलं सोहम वाचेल."

वर्गातला सोहम उठलासुद्धा. राखीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोट नाही बिघडलं, सर," ती माइकवर म्हणाली. "मले पाळी आली हाय."

सरांनी घड्याळात पाहिलं.

"पडद्यावर आहे तेच आत्ता माझ्या पोटात चाललंय. पेशीच्या आवरणात एक मेदाम्ल पडून असतं. पाळीत ते सुटं होतं आणि शरीर त्याचं प्रोस्टाग्लँडिन करतं. म्हणजे गर्भाशयाला निरोप, की आवळ. निरोप जास्त झाले की कळा येतात. डॉक्टर देतात ती गोळी हा निरोप तयारच होऊ देत नाही. अन् नाव पडलं पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीवरून, कारण ते तिथंच बनतं असं आधी वाटलं होतं. दुखणं आमचं, नाव मात्र तुमचं."

मागच्या मुली हसल्या, मग टाळ्या पडल्या. सोहम खाली बसला. राखीनं उरलेल्या नऊ स्लाइड उभ्यानंच संपवल्या.

घरी तानुबाई शेंगा फोडत होती. "सांगितलं ना, पोट बिघडलं म्हणून?"

"नाही. पाळी आली म्हणून सांगितलं. माइकवर."

तानुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. राखी भांडायच्या तयारीतच होती. कळा कशानं येतात, तालुक्याच्या डाक्टरीनबाईची गोळी काय करते, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे कावळा नाही?"

"नाही."

"आपलं पापबी नाही?"

"मेदाम्ल हाय, माय."

तानुबाईनं सुपातली टरफलं फुंकली. "तीस वर्षं दुखून राह्यलं मले. उगाच कावळ्यावर आळ घेतला." मग सूप बाजूला सारलं. "उद्या त्या डाक्टरीनबाईकडं मलेबी घेऊन चाल. अन् तिथं पोट बिघडलं म्हणून सांगू नको."