पिवळ्या टोपणाच्या नळीची साक्ष

मी पिवळ्या टोपणाची नळी बोलतेय. हो, रक्त घेतात तीच. दंडाला पट्टा आवळला की माणसं सुईकडे बघतात, नाहीतर भिंतीकडे. माझ्याकडे कुणी बघत नाही.

माझ्या वाट्याला धायरीचा शुभंकर आला. अंडकोषात कडक गाठ हाताला लागत होती, तरी पठ्ठ्याने दोन महिने लाजेपायी तोंड उघडलं नाही. शेवटी बायकोच्या, उत्कर्षाच्या लक्षात आलं. "लाजून झालं असेल तर चल," म्हणत तिने स्कूटर काढली. हे तिनेच नर्सला सांगितलं. शुभंकर शेजारी लालबुंद.

गाठ काढायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याचं रक्त माझ्यात आलं. तपासलं तर एएफपी वाढलेलं. आईच्या पोटातलं बाळ हे प्रथिन तयार करतं. मोठ्या पुरुषाच्या रक्तात ते नावापुरतंच असतं. तपासणारा योगेश हसून म्हणाला, एखाद्या गरोदर बाईची नळी इकडे आली असेल. मला फार लागलं. अंगावर शुभंकरचं नाव ढळढळीत होतं.

पुढे काढलेल्या गाठीचे काप डॉक्टर कल्याणींनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी गोल, एकसारख्या. सेमिनोमा. कर्करोगाचा त्यातल्या त्यात मवाळ प्रकार, म्हणजे नुसत्या तपासण्यांवर भागलं असतं. पण सेमिनोमा एएफपी तयार करत नाही, हे त्यांना खटकलं. मला फ्रीजमधून काढून पुन्हा तपासलं. उत्तर तेच.

"नळी खरं सांगतेय, योगेश. गाठच आपण पुरती बघितली नाही."

उरलेल्या गाठीचे आणखी काप केले. एका कोपऱ्यात वेगळ्याच पेशी निघाल्या, जाळी विणल्यासारख्या. योक सॅक ट्यूमर, जास्त आक्रमक आणि एएफपी तयार करणारा. मिश्र गाठ होती ती. आता केमो द्यायचं ठरलं.

दोघं लॅबमध्येच कल्याणीताईंना भेटायला आले. हा आजार केमोने बहुतेकदा पुरता बरा होतो, असं त्यांनी नीट समजावलं. शुभंकर मात्र पडेल आवाजात म्हणाला, "नळीच चुकली असती तर बरं झालं असतं."

"ती चुकली असती तर तू मला पुरला नसतास," उत्कर्षा म्हणाली, आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. मला भरून आलं.

आता माझं काम संपलं. उद्या योगेश मला कचऱ्याच्या पिशवीत टाकेल, टाको. केमोनंतर शुभंकरचं रक्त माझ्या एखाद्या धाकट्या बहिणीत येईल. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसू दे.