मोरबेटचं पाणी

अप्पांच्या सहलींचे दोन नियम होते. सहल अमावास्येलाच निघायची आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायची.

अमावास्येला, कारण त्या दिवशी उदगीरचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद असायचा. अप्पांची मोंढ्यात आडत होती आणि महिन्यातला तेवढा एक दिवस त्यांचा स्वतःचा. शेजारणी अव्वाला, माझ्या आईला, म्हणायच्या, "अवसेला लेकरं घेऊन कोण बाहेर पडतंय?" त्यावर अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं, "समदे घरात बसतेत, म्हणून तर एसटीत जागा मिळती."

दिवेलागणीच्या आत, कारण अव्वा घरी असायची. तिला गाडी लागायची. नवी नवरी असताना निलंग्याच्या माहेराहून एसटीनं आली, ती चार ठिकाणी थांबवावी लागली म्हणे. कंडक्टरनं हात जोडले. त्यानंतर तिनं माहेरी जाणंसुद्धा वर्षातून एकदावर आणलं. मग आम्ही तिघंच जायचो. अप्पा, मी आणि माझा धाकटा भाऊ वीरेश. खरोशाची लेणी, कंधारचा किल्ला, वडवळचा औषधी झाडांचा डोंगर. सहस्रकुंडचा धबधबा तेवढा राहिला. तो दिवेलागणीच्या नियमात बसत नव्हता.

सगळ्यात जास्त वेळा गेलो ते मोरबेटावर. आमच्याकडं माळावर एकट्या उभ्या असलेल्या टेकडीला बेट म्हणतात, भोवती थेंबभर पाणी नसलं तरी. मोरबेटावर मोरही नव्हते. काळे धोंडे, निवडुंग, वर महादेवाचं छोटं देऊळ आणि कायम वारा. उदगीरहून तासाभराचा रस्ता.

संध्याकाळी अव्वा उंबऱ्याशी बसायची आणि अप्पा तिला सगळी सहल सांगायचे. अगदी रस्त्यापासून. कुठं चढ लागला, कुठली झाडं आली, शेतात काय उभं होतं. त्यात थोडी भर पडायची. दोन माकडं असली तर वीस व्हायची. मी आणि वीरेश पाय धुऊन शेजारी बसायचो आणि मान डोलवायचो.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी सांगणं संपल्यावर अव्वानं सहज विचारलं, "मग मला काय आणलं?"

अप्पा गडबडले. बेटावरून आणण्यासारखं काय असतं? त्यांच्या हातात फिरकीचा तांब्या होता, झाकणाला आटे असलेला, प्रवासातला. पायथ्याच्या वाडीतल्या हापशावर भरून घेतलेलं पाणी त्यात अर्धं उरलं होतं. त्यांनी तो पुढं केला.

"झऱ्याचं पाणी हाय. देवळामागं खडकातून येतंय. लई गोड."

अव्वानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला. कपाळाला लावला. म्हणाली, "उद्या पूजेला होईल."

पुढच्या वेळी मोरबेटाला जाताना एसटीत अप्पा आम्हाला म्हणाले, "खोटं बोललो रे पोरांनो. पण आता बोललोय." मग वाडीतल्या हापशावर वीरेशला जुंपायचं ठरलं. आधीचं कोमट पाणी सोडून द्यायचं, खालचं गार पाणी आलं की तांब्या भरायचा. तो हापसून हापसून लाल व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा मोंढ्यात निघताना विचारायचे, "पाणी पूजेला घेतलंस?" अव्वा म्हणायची, "घेतलं की." वर्षातून तीन-चार वेळा, असं वीसेक वर्षं चाललं.

लहानपणी मजा वाटायची. नंतर मी लातूरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, चार गोष्टी वाचल्या, आणि मग ते मला टोचायला लागलं. खोटं बोलणं नव्हे, त्याचा मला कधीच राग आला नाही. पण अव्वाची पूजा फार कडक. आंघोळ करून, ओलेत्यानं पाणी भरून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसली की घरात भांडंसुद्धा वाजायचं नाही. त्या लिंगावर ती कुठल्या भावनेनं काय घालते आहे, हे घरात तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. एकदा सांगून टाका, असं मी अप्पांना म्हणाले होते. ते म्हणाले, "सांगू. घाई काय हाय?"

गेल्या माघात अप्पा गेले. आमच्या लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसवून समाधी दिली, त्यांचं लिंग त्यांच्या हातात ठेवून. त्यानंतरही महिनाभर मी कॅलेंडरवर अमावास्या कधी आहे ते पाहत होते.

यंदा येळवस, मार्गशीर्षातली शेतपूजेची अवस, झाली, आणि तिच्या पुढच्या अमावास्येला जोडून मी रजा घेऊन उदगीरला आले. पहिलं पुण्यस्मरण आठ दिवसांवर होतं. अव्वा भाकरी थापत होती. म्हणाली, "परवा मोरबेटाला जायचं. समाधीवर त्या झऱ्याचं पाणी घालायचंय. मी सोता भरून आणणार."

"अव्वा, तुला गाडी लागते."

"लागू दे."

"त्यापेक्षा खरोशाला जाऊ. रस्ता चांगला झालाय."

"खरोशाला झरा हाय का?"

"नाही."

"मग?"

मी गच्चीवर जाऊन वीरेशला हैदराबादला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं.

"सांगून टाक अक्का."

"तू सांग. हापसायचास तू."

"हापसायला लावणारे अप्पा. आणि मोठी तू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "झरा आटला म्हण. पाऊस कमी झाला म्हण. कोण तपासायला येतंय?"

ते सोपं होतं. आमच्या भागात आटलेल्या झऱ्यावर कुणीही विश्वास ठेवेल. पण अप्पांचं खोटं त्यांच्या तोंडी शोभायचं. ते गेल्यावर त्यात मी माझं एक घालावं, हे मला जमेना. वाटेत सांगायचं, असं ठरवून मी झोपले.

सकाळी अव्वा तयार होऊन गाडीजवळ उभी होती. हातात फिरकीचा तांब्या, चिंचेनं घासलेला. दुसऱ्या हातात लिंबू. डब्यात धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मी काचा खाली केल्या आणि ताशी तीसनं निघाले. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढं जात होते. एका टमटमवाल्यानं तर मान बाहेर काढून, "मावशी, ढकलू का?" असं विचारलं. अव्वानं नाकाशी लिंबू धरूनच त्याला हात केला, जा म्हणून.

मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तीच बोलली.

"आता चढ लागंल."

लागला.

"चढ सरला की डाव्या हाताला चिंचेची तीन झाडं. तिसऱ्याला ढोली."

दोनच होती. अव्वा मागं वळून बघत राहिली. "एक कुठं गेलं?"

"रस्ता रुंद केला ना."

"मला सांगितलं न्हाई त्यांनी."

"अलीकडंच तोडलं असेल. अप्पांनी पाहिलं नसेल."

"हां," ती म्हणाली. "न्हाईतर सांगितलं असतं."

मी समोरच्या रस्त्याकडं पाहत गाडी चालवत राहिले. एका ठिकाणी थांबावं लागलं. ती उतरली, बांधाच्या कडेला गेली, परत येऊन चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. "झालं. चल." एखादं घरचं काम उरकावं तसं.

बेटाला दीडशेच्या आसपास पायऱ्या आहेत. अव्वा थांबत थांबत चढली. देवळाच्या दाराशी एक म्हातारी नारळ आणि बेलाची पानं घेऊन बसली होती. केवळाबाई तिचं नाव, हे अव्वानं नारळ घेता घेता विचारून घेतलं. मग विचारलं, "झरा कुणीकडं हाय ओ?"

"कसला झरा?"

"देवळामागं. खडकातून पाणी येतंय ते."

केवळाबाई हसली. "बाई, चाळीस वर्सं झाली हितं बसतीय मी. खडकातनं पाणी आलं असतं तर मी कशाला खालच्या हापशाचं पाणी डोस्क्यावर आणलं असतं?" शेजारच्या घागरीवर तिनं थाप मारली. "हे बघा. वाडीतनं. रोज दीडशे पायऱ्या."

अव्वा आत गेली, नारळ वाढवला, नमस्कार केला. मग देवळाला एक चक्कर मारली. मी मागं मागं. देवळामागं खडक होता, कोरडा, त्यावर एक सरडा ऊन खात बसला होता. तिनं खडकाला हात लावून पाहिला.

"अव्वा, ऐक ना."

"आधी बसू दे."

ती धोंड्यावर बसली. खाली सगळीकडं करडई फुलली होती, पिवळी आणि भगवी. मधे ज्वारीचे हिरवे तुकडे, लांबवर रेल्वेची रेघ. वाऱ्यानं तिचा पदर सारखा उडत होता आणि ती सारखा तो धरत होती. आम्ही धपाटे खाल्ले. तिनं दोन खाल्ले, उलटी झालेली असून.

"करडईचं बराबर सांगितलं होतं," ती म्हणाली. "पांघरूण टाकल्यासारखी दिसती म्हणले होते."

मी हं म्हटलं. तिनं तांब्या मांडीवर ठेवला होता, रिकामाच, आणि त्याचं झाकण ती उघडत आणि बंद करत होती.

खाली उतरलो. वाडीतला हापसा होता तिथंच होता, शाळेच्या भिंतीला लागून, कडुनिंबाखाली. दांड्याला तार गुंडाळलेली. अव्वा गाडीकडं न जाता तिकडं वळली.

"तहान लागली."

"गाडीत बाटली आहे."

"ते नगं."

मी दांडा धरला. वीरेशनं करायचं काम मी पहिल्यांदाच करत होते. पाणी आलं तशी ती ओंजळ घेऊन पुढं झाली. "थांब," मी म्हणाले, "पहिलं कोमट असतं." आणि हापसत राहिले. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. अव्वा ओंजळ मागं घेऊन थांबली होती. पाणी गार झाल्यावर तिनं ती पुढं केली.

एक घोट घेतला. थांबली. मग दुसरा घेतला, हळू, तोंडात धरून. या हापशाच्या पाण्याला आधी लोखंडाची चव असते आणि शेवटी गोडवा. ओंजळीतलं उरलेलं बोटांमधून गळून गेलं.

"सुकन्या."

"हं."

"हेच पाणी हाय."

मी दांडा सोडला आणि सगळं सांगितलं. सहावीपासूनचं. तांब्यात अर्धं उरलेलं पाणी, एसटीतलं बोलणं, वीरेशचं हापसणं. ती ओले हात तसेच धरून ऐकत होती.

"म्हंजे पहिल्यापासून."

"हो."

"वीरेशला बी ठाऊक?"

"तोच तर हापसायचा."

"म्हणून दुसऱ्या दिवशी दंड दुखतेत म्हणायचा. मी तेल लावायचे त्याला." तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "आन् मला म्हणायचा, बेटावर चढून दुखतेत."

"अव्वा, पण मला वाईट वाटतं ते पूजेचं. तू इतक्या श्रद्धेनं ते पाणी…"

"पूजेला कुठं घेतलं मी?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"आपल्या आडाचं ताजं पाणी सोडून लिंगाला दुसरं पाणी कधी घातलं न्हाई मी. रातभर तांब्यात ठिवलेलं, गाडीत हिंदकळून आलेलं पाणी लिंगाला घालू व्हय? तुझ्या अप्पाला येवढं कळत नव्हतं, आन् तुला बी कळलं न्हाई. येवढी बुकं वाचून."

"अप्पा विचारायचे तेव्हा घेतलं म्हणायचीस."

"म्हणायचे. त्यांना बरं वाटायचं."

"मग त्या पाण्याचं काय करायचीस?"

अव्वानं हात पदराला पुसले. "प्यायचे. पूजा झाली, ते मोंढ्यात गेले, तुमी शाळेत गेलात, की चुलीपाशी उभी राहून प्यायचे. सगळं. तुमाला बी कधी घोटभर दिलं न्हाई." मग म्हणाली, "मला आणलं होतं ना."

शाळेची मधली सुट्टी झाली असावी, भिंतीपलीकडं आरडाओरडा सुरू झाला. अव्वानं फिरकी उघडून तांब्या हापशाच्या तोटीखाली धरला.

"हाण."

"हे समाधीवर घालायचं?"

"मग काय तर."

मी हापसायला लागले. तांब्या भरून वर आला तरी ती धरूनच होती. "साकु," म्हणाली मग, कानडीत, म्हणजे पुरे. फिरकी घट्ट बसवली, तांब्या पदरानं कोरडा केला. "आन् त्यांना सांगणार हाय मी, झऱ्याचं हाय म्हणून. देवळामागचं. लई गोड."

मला हसू आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. तीही हसत होती, तोंडावर पदर धरून, जसं तिला उंबऱ्याशी बसून अप्पांच्या गोष्टींना हसताना पाहिलं होतं.

परत येताना तिला गाडी लागली नाही. तांब्या मांडीत धरून बसली होती. चिंचेच्या दोन झाडांपाशी तिनं विचारलं, "ते सहस्रकुंड किती लांब हाय?"

"लांब आहे. नांदेडच्याही पलीकडं. दिवेलागणीच्या आत परत येणं होत नाही, म्हणून तर अप्पा कधी गेले नाहीत."

"व्हय, पण आता घरी कोण वाट बघतंय?"

तिनं ते साधंच विचारलं, भाजीचा भाव विचारावा तसं. मी मनात अंतर मोजायला लागले. तीसच्या वेगानं, मधे थांबत, एक मुक्काम धरला तर होण्यासारखं होतं.

"पुढच्या अवसेला बघू," मी म्हणाले.

"लिंबं जास्ती घ्यावी लागतील," अव्वा म्हणाली, आणि वळण आलं तसा तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला.