‘ओसरी’वरचं अभिनंदन

डॉक्टर शशिकांतना आपल्या आवाजाचा भारी तोरा. आयुष्यभर हॉस्पिटलात लोकांना भूल दिली आणि रिटायर झाल्यावर लंडनमधल्या ईलिंगच्या एका कम्युनिटी रेडिओवर बसले. दर रविवारी अकरा ते बारा, मराठीतून, ‘ओसरी’. दोन-चार गाणी, इकडच्या तिकडच्या बातम्या आणि सगळ्यांचं लाडकं ‘अभिनंदन’: कुणाला नात झाली, कुणी घर घेतलं. ज्याचं अभिनंदन, त्याच्या घरी बायकोच्या, म्हणजे सुप्रभाबाईंच्या, हातच्या शंकरपाळ्यांचा डबा डॉक्टर स्वतः नेऊन देत. पिनरपासून वॉटफर्डपर्यंत हे पोराटोरांना ठाऊक होतं.

बारानंतरचा अर्धा तास ओटिलियाचा. बाई इटलीतल्या डोंगराकडची, सत्तरीची, पण हाडापेराने दणकट. तिची भाषा लदीन. बोलणारे सगळे मिळून तीसेक हजार, तरी तिकडे त्यांचं साप्ताहिक निघतं, रेडिओ आहे, टीव्हीवर थोड्या बातम्याही लागतात. हे ऐकून डॉक्टर हसले होते. “अहो, एवढ्यांना टीव्ही कशाला? खिडकीतून ओरडलं तरी भागेल!”

ओटिलियाला हसू आलं नाही. “मोठ्या भाषेत बातमी वाऱ्यावर जाते,” ती म्हणाली. “छोट्या भाषेत ती नेमकी नको त्याच्या स्वयंपाकघरात जाते. मी नाव घ्यायच्या आधी त्या माणसाला विचारते.” डॉक्टरांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

गेल्या रविवारी मधुमतीबाईंचा मेसेज त्यांनी झोकात वाचला. भाची उर्वी हिने वॉटफर्डला नवा फ्लॅट घेतला, नोकरीही लागली, अभिनंदन! दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले, तर दार साखळीपुरतंच उघडलं. फटीतून पोरीचा पांढराफटक चेहरा आणि वाकडं जुळलेलं मनगट दिसलं.

“काका, तुम्ही रेडिओवर माझं नाव सांगितलंत?” ती म्हणाली. “मिहीरला कळलं तर तो मारून टाकेल मला. आणखी किती वेळा पळू मी?”

मिहीर तिचा नवरा. इथेच वाढलेला, मराठी मोडकंतोडकं, पिनरला आई नीनावहिनींबरोबर राहणारा. वर्षापूर्वी उर्वीचा हात मोडला तेव्हा “जिन्यावरून पडली हो,” असं नीनावहिनींनी त्यांच्या घरच्या गणपतीत सगळ्यांना सांगितलं होतं. पोरीच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. जिन्याला बोटं नसतात हे डॉक्टरला कळत नाही होय? कळलं होतं. पण चार लोकांत वाच्यता कशाला म्हणून त्यांनी मान डोलावली आणि मोदक खाल्ला.

आणि या रविवारी, गाणं चालू असताना, स्टुडिओचं दार ढकलून मिहीर आत आला. ओटिलिया खालच्या किचनमध्ये कॉफी करत होती. बाकी स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं.

“काका, ॲड्रेस द्या,” तो म्हणाला.

“कसला ॲड्रेस?”

“माझा बायको कुठे राहते? डबा तुम्ही दिला. मला माहिताय.”

“मला नाही माहीत,” डॉक्टर म्हणाले, आणि पहिला ठोसा नाकावर बसला.

चष्मा फुटला. कोलमडताना टेबलाचा आधार घेतल्यासारखं करून डॉक्टरांनी एका हाताने गाणं बंद केलं आणि दुसऱ्याने माइकची पट्टी वर सरकवली. मिहीरच्या डोक्यावर, भिंतीवर, ‘ऑन एअर’चा लाल दिवा लागला. त्याची त्याकडे पाठ होती.

“ॲड्रेस!”

“नाही सांगत.”

मिहीरने त्यांचा उजवा हात धरला, टेबलाचा ड्रॉवर उघडला, बोटं त्यात घातली आणि लाथेने ड्रॉवर बंद केला. डॉक्टर गुरासारखे ओरडले. त्याने ड्रॉवर उघडला आणि पुन्हा बंद केला. या वेळी हाड मोडल्याचा आवाज डॉक्टरांना स्वतःला ऐकू आला. आयुष्यभर लोकांच्या वेदना बंद केल्या, आणि आता स्वतःच्या बंद करायला एक शब्द पुरे होता. रस्त्याचं नाव अगदी जिभेवर होतं. देवा, केवढं सोपं होतं!

“तिचा हात मी तोडला, कळलं?” मिहीर त्यांच्या तोंडाशी तोंड आणून म्हणाला. “लास्ट टाइम हात. या वेळी गळा. तुमचा पण.”

“तोड,” डॉक्टर म्हणाले. “मेलो तरी नाही सांगणार, भडव्या!”

हा शब्द ‘ओसरी’वर पहिल्यांदाच गेला. त्याबरोबर तोंडावर ठोसा बसला आणि पुढचा दात जिभेवर आला. मग दोन्ही हात गळ्याशी आले. ज्या आवाजाचा एवढा तोरा, तो आवाजच फुटेना. छत काळं पडत चाललं. रेडिओवर हे ऐकून पोरगी घर सोडून निघाली असेल का, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात ओटिलिया आली. तिने काही विचारलं नाही. कोपऱ्यातला माइकचा स्टँड उलटा धरून त्याची लोखंडी बैठक मिहीरच्या गुडघ्यावर घातली. तो वाकला तशी खांद्यावर घातली, आणि तो आडवा झाल्यावर आणखी एकदा, बहुधा रागापोटी. मग त्याच्या पाठीत गुडघा रोवून बसली आणि मोबाइलवरून पोलिसांना फोन लावला. पत्ता सांगून झाल्यावर लदीनमध्ये त्याला जे काय म्हणाली, त्याचं भाषांतर कुणाला नको होतं.

डॉक्टर खुर्चीला धरून उठले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. श्रोत्यांचे फोन नेहमी स्पीकरवरच घेत, म्हणून सवयीने डाव्या हाताने तेच बटण दाबलं गेलं.

“डॉक्टर, मी नीना,” पलीकडून आवाज आला. “रेडिओ लावलाय. मिहीरला फार लागलं का हो?”

डॉक्टरांच्या मस्तकात तिडीक गेली. इथे बोटांचा चेंदा झालाय आणि ही बया विचारतेय, पोराला लागलं का! शिवी ओठांवर आली. मग लाल दिव्याकडे लक्ष गेलं. तो पेटलेलाच होता. सगळे ऐकत होते, आणि त्यात उर्वीही असेल.

“नीनावहिनी,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “उर्वी जिन्यावरून पडली होती ना?”



“मम्मी, फोन ठेव!” मिहीर खालून ओरडला. ओटिलियाने त्याचं तोंड कार्पेटवर दाबलं.

“तेव्हा मीही मान डोलावली होती,” डॉक्टर म्हणाले. “आता सगळ्यांसमोर विचारतोय. पडली होती का?”

“पडेल कुठून?” नीनावहिनी म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. “आमच्या घराला जिना कुठेय, डॉक्टर? दरवर्षी गणपतीला तुम्ही सगळे इथे जेवून जाता की.”