रक्ताचा दाखला

खाली सुतारखान्यात रंधा चालला होता आणि वर स्वयंपाकघरात सून भाजी चिरत होती. आज तिचा हात हलका होता. रक्तातली जनुकं तपासून, दारू सोडवायला कोणतं औषध लागू पडेल याचा अंदाज हल्ली बांधतात, असं ऐकून तिने नवऱ्याची आर्जवं केली होती. तपासणी झाली होती. आज तो डॉक्टरांचं म्हणणं ऐकायला गेला होता.

दुपारी आला तो झिंगतच. जेवायला वर आलेल्या सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, हे रक्तातलंच निघालं. तुमच्याकडून आलंय."

"मला माझ्या बापाने दिलं," सासरे म्हणाले. "बाकीची इस्टेट बुडाली, एवढी मात्र टिकली." बापलेक खो खो हसले.

"आणि औषध?" सुनेने विचारलं.

"रक्तातच आहे म्हटल्यावर औषध कशाला? माझा काय दोष?"

त्याच्या खिशातून तिनेच गोळ्या काढल्या, एक तळहातावर ठेवली, पाणी पुढे केलं. "एवढी घ्या. माझ्यासाठी."

त्याने कोपऱ्यातला खुर्चीचा तासलेला पाय उचलला. पहिल्या घावाला मनगटाचं हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. दुसरा कानावर बसला. ती ओट्यावर तोंडघशी आपटली, मनगटातून रक्त टपटपू लागलं, तसा सासऱ्यांनी हात लांब करून चिरलेल्या भाजीचं ताट बाजूला ओढलं. तिसरा घाव पाठीत बसला.

दारात उभ्या सासूबाईंनी पुढे येऊन तिच्या हाताला टॉवेल गुंडाळला. दवाखान्याच्या वाटेत कानाशी लागून म्हणाल्या, "जिन्यावरून पडले म्हणायचं. या घरात आम्ही सगळ्याच पडलो. माझ्या सासूबाईंचे तर पुढचे दात गेले पडताना."

जिन्यांना तरी किती बदनाम करायचं!

दवाखान्यात डॉक्टर तेच होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. नवरा मान खाली घालून उभा होता.

"पडली," सासूबाई म्हणाल्या.

"पडले नाही," सून म्हणाली. ओठ सुजल्याने शब्द जड येत होते. "यांनी मारलं. सासरे बघत होते. पोलिसांना बोलवा, मी सांगते."

"डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना, रक्तात आहे," नवरा पुटपुटला.

"ओढ रक्तातली आहे, म्हणून तर गोळी दिली. लाकूड तुम्ही उचललंत."

नर्सने सासूबाईंकडे पाहिलं. "तुम्ही तिथे होतात ना, आजी?"

मुलगा आईकडे बघत राहिला. म्हातारीने सुनेच्या टॉवेलमधून झिरपणारं रक्त पाहिलं. मग म्हणाली,

"होते. आणि लिहून घ्या बाई, मीसुद्धा कधी पडले नव्हते."